राखेतून लवकर काढलेले मणी

१३ जानेवारी, मंगळवार
उद्या सुशीलाच्या सात महिन्यांच्या आरूचं बोरन्हाण. दिव्यावर मणी वळण्यात आमच्या मणी-गटातल्या सहा बायकांत तिचाच हात सरस, तरी लेकीचे काळे मणी माझ्याच हातचे हवेत म्हणे. खूश होऊन दुपारी बसले. बाटलीची काच, बारीक मणी. ते रात्रभर तुसाच्या गरम राखेत हळूहळू निवले पाहिजेत, नाहीतर पुढे केव्हाही आपोआप तडकतात. मी तासाभरात काढले, तिच्या गावची, आंबागडची गाडी सुटत होती म्हणून. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

१५, गुरुवार
सुशीलाने फोटो दाखवले. काळं झबलं, दोन्ही मनगटांत मणी, एक मूठ तोंडात. गोड दिसते. उरलेले तीन मणी माझ्या टेबलावर.

१९, सोमवार
त्यातला एक तडकला. कुणी हातही लावला नव्हता. टिक्. सगळ्यांनी माना वर केल्या. मी म्हटलं, उंदीर असेल.
काहीही.

२०, मंगळवार
दुसराही. तुकडा उचलताना बोट कापलं, रक्त थांबेना. सुशीलाला सांगायला हवं. उद्या नक्की.

२२, गुरुवार
सांगितलं. काल जीभ रेटली नाही. ती हसली.
"ताई, आरूच्या हातातला एक परवाच वाढला. सासूबाई तं खूश हायेत. मन्यानं नजर घेतली म्हनते."
फुटला म्हणत नाहीत, वाढला. तुकडे कुठे गेले विचारलं, तर "झाडले असन." माझी चूक आहे म्हटलं, घरी गेल्याबरोबर दोरा काप. म्हणाली, "मी कापीन, पन सासूबाई कापू देईन का? जावळ होयेपर्यंत काढत नाही आमच्यात."


२४, शनिवार
सुशीला आली नाही. फोन बंद. आंबागडच्या दोघी आल्या, आपल्या लेकरांसाठी तसलेच मणी मागायला. "जे तडकते ना, तेच द्या." नाही म्हटलं तर रुसून गेल्या.

२५, रविवार
सकाळीच आंबागड. सुशीलाची सासू ओसरीवर, आरू मांडीवर.
"तुमीनंच देले ना? मंग आता काढा काहून म्हनता?"
सगळं सांगितलं. राख, तास, गाडी. कापलेलं बोट दाखवलं. 
"मंग पयले काहून नाही सांगतलं, बाई?"
 भीती वाटली, एवढंच. बायका म्हणतील, ताईलाच येत नाही.
तिनेच विळा आणून दोरे कापले. मणी तळहातावर घेतले. एक अर्धाच.
"सकाळी दूध पाजलं तवा अख्खा होता," सुशीला म्हणाली.
गोधडी झटकली. झबलं उलटं केलं. ओसरी दोनदा झाडली, म्हातारीने केर बोटांनी चाळला. आरूच्या तोंडात बोट फिरवून पाहिलं. काही नाही.

तुमसरला दवाखान्यात निघालोय. गाडीत लिहितेय, हाताला दुसरं काम नाही. आरू झोपली. रोज या वेळेला झोपते, सुशीला ड्रायव्हरला सांगत होती. माझ्याशी बोलत नाही. थोड्या थोड्या वेळाने आरूच्या नाकाशी बोट धरून बघते.