गॅसबत्ती धाकटीच्या नावे

मी, खाली सही करणारी, आगविमा कचेरीतील निवृत्त टंकलेखिका, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. उद्या माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. माझी बुद्धी शाबूत आहे, धीर तेवढा नाही. कायद्याला बुद्धी पुरते, असे वकिलांनी सांगितले आहे.

कलम १. राहते घर आम्हा दोघी बहिणींच्या नावे आहे. माझा अर्धा हिस्सा मी धाकटीस देते. ती शिलाई मशीन दुरुस्त करते आणि मागच्या खोलीत तिची हत्यारे आहेत. आमच्या दिवंगत भावाचा मुलगा मागे म्हणाला होता, "आत्या, तुझ्यामागे धाकट्या आत्याला एखाद्या वृद्धाश्रमात ठेवू. इथे एकटी काय करणार ती?" तो मनाने वाईट नाही. पण त्या वेळी तो बोलत होता माझ्याशी आणि त्याची नजर भिंती मोजत होती. घरात त्याला हिस्सा नाही.

कलम २. बँकेतील ठेव धाकटीस. टाइपरायटर वरच्या मजल्यावरच्या संगीत शिक्षिकांना. त्यांना त्याचा आवाज आवडतो. आई आजारी असताना माझा रजेचा अर्ज परत करणाऱ्या साहेबांना काहीही नाही. हे विसरून राहिलेले नाही, आठवणीने लिहिले आहे.

कलम ३. माझ्या देहाला अग्नी देऊ नये. देह वैद्यकीय महाविद्यालयास द्यावा. मेल्यावर भाजत नाही, हे मला कळते. तरीही देऊ नये.

कलम ४. वडिलांची पितळी गॅसबत्ती. हिच्यातला माझा वाटा धाकटीस. येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

आम्ही लहान असताना वीज गेली की वडील ही बत्ती पेटवत. टाकीत रॉकेल भरायचे, पंपाने हवा मारायची, की वरची जाळी पांढरीशुभ्र उजळे. एका संध्याकाळी तिचा भडका उडाला. जेवायला बसलेले सगळे बाहेर धावले. धाकटी बत्तीच्या सर्वांत जवळ होती. तिची मान आणि डावा हात भाजला. ती वाचली. वडिलांनी बत्ती पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली आणि घरात तिचे नाव निघेनासे झाले. पुढे मी नोकरीभर जळालेल्या घरांचे दावे टंकित केले. शेगडीची चावी तपासल्याशिवाय मला झोप येत नाही.

गेल्या हिवाळ्यात धाकटीने माळा झाडताना ती बत्ती खाली आणली. राख आणि लिंबाने घासली. जुन्या पिशवीचे चामडे कापून पंपाला वायसर केला, तेलात मुरवला. भंगारबाजारातून काच आणली. मी म्हटले, "हवी तर ठेव, पण आत विजेचा दिवा बसव."

"बसवीन. आधी एकदा रॉकेलवर पेटवू दे."

"माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही!"

त्यानंतर आमचा अबोला होता. एके दुपारी मी भाजी घेऊन आले, तर मागच्या गच्चीतून फुसफुस ऐकू आली. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. भाजीची पिशवी जिन्यातच टाकली. कठड्याला धरून वर गेले. धाकटी फरशीवर उकिडवी बसली होती, शेजारी वाळूची बादली आणि ओले पोते. भर उन्हात जाळी पांढरी पेटली होती. एवढ्यात ती फडफडली आणि झाकणाखालून पिवळ्या ज्वाळा बाहेर आल्या. मी किंचाळले. मला पुढे जाता येईना, मागेही फिरता येईना.

धाकटीने तोच भाजका हात पुढे केला आणि टाकीवरचा हवेचा स्क्रू सैल केला. हवा सुटली. ज्वाळा खाली बसल्या, बत्ती विझली.

ती म्हणाली, "बघ, एवढंच होतं. तेव्हा हा स्क्रू कोणी उघडलाच नाही, ताई. सगळे पळाले."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने मला पाणी दिले आणि पुन्हा म्हणाली, "मला बघायचं होतं, माझ्या हाताने विझते का. आता खुशाल बसव तुझा दिवा."

दिवाही तिनेच बसवला. टाकी धुऊन, उरलीसुरली रॉकेलची वाफ पेटू नये म्हणून पाण्याने भरून तिने तळाला भोक पाडले, वायर ओवली, जाळीच्या जागी होल्डर लावला. आता हिच्यात हवा कधीच भरता येणार नाही. पुढच्या खोलीत ती मंद पिवळी जळते. जाता-येता मी काच तापली नाही ना, हे बोट लावून पाहते. धाकटी हसते.

कलम ५. ~~भाच्याने रोज संध्याकाळी येऊन धाकटीची शेगडी, बटणे व दाराची कडी तपासावी आणि तिला एकटीने हत्यारे चालवू देऊ नयेत.~~

पुरवणी. वरील मजकूर धाकटीने आत्ताच वाचला. कलम ५ वर बोट ठेवून म्हणाली, "हे खोड."

"अगं, मी नसताना तुला काही झालं तर? मला भीती वाटते."

"वाटू दे. घर दे, ठेव दे, बत्ती दे. तुझी भीती मला वारशात नको."

साक्षीला बोलावलेल्या दोघांपैकी कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांनी खिडकीकडे तोंड फिरवले. संगीत शिक्षिकांनी पेन पुढे केले.

कलम ५ मी स्वतः खोडले आहे. खोडताना हात कापला, म्हणून रेघ वाकडी आली. तिच्यावरून माझ्यावर कोणी जबरदस्ती केली, असे समजू नये. ती रेघ भीतीची आहे, आणि भीती मी कोणाच्याही नावे केलेली नाही.

लिहून देणार: (सही) थोरली बहीण

साक्षीदार, दोघेही माझ्यासमोर व एकमेकांसमोर:
(सही) कोपऱ्यावरचे औषधवाले
(सही) वरच्या मजल्यावरच्या संगीत शिक्षिका

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपार