एकवीस सेकंद

३ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहायचं. आठवीत शाळा सोडली, पण अक्षर चांगलं आहे. आम्ही अठरा जण चार्जरच्या वायरींना सोल्डर मारतो. आज घड्याळवाला साहेब पाठीमागे येऊन उभा राहिला. बाकी सगळे एकदम मरगळले. एका चार्जरला अडतीस सेकंद. मी एकोणतीसमध्ये केला. साहेबाने वहीत लिहिलं.

४ फेब्रुवारी
शेजारच्या खुर्चीवरची मावशी (सगळ्या लाइनचीच मावशी) जेवताना डबा घेऊन लांब बसली. हात धुताना म्हणाली, "घड्याळवाला आला की हात जड करायचा, बाळा. तो तुझा वेग मोजत नाही, आमची डोकी मोजतोय."
जळतात लोक.

९ फेब्रुवारी
रोज लिहिणं जमलं नाही. व्याप फार. नवी युक्ती काढली. दोन चार्जर शेजारी शेजारी अडकवायचे, एका दमात सोल्डर. एका चार्जरला एकवीस सेकंद! साहेबाने व्हिडिओ काढला. फक्त हातांचा. चेहरा पुढच्या वेळी घेतील.

२ मार्च
सगळ्यांना माझी पद्धत लावली. लाइनवर आता अकरा जण. सात खुर्च्या रिकाम्या, म्हणजे सात जागा. लगेच धाकट्या भावाला फोन. भावोजींनी त्याला गॅरेजमध्ये चिकटवलंय, म्हटलं सोड ते, ये इकडे. आई म्हणाली, आधी साहेबांना विचार. मी म्हटलं, मी आत आहे, मला दिसतं ना.
तरी उद्या विचारतो.

३ मार्च
साहेब घाईत होते.

११ मार्च
मावशी सांगत होती, ती लागली तेव्हा या शेडमध्ये रेडिओ बनायचे. साठ बायका. मग टेप आले, तीस राहिल्या. दर वेळी वस्तू स्वस्त झाली आणि बाक आखूड झाला. मी म्हटलं, तेव्हा माझ्यासारखा हात कुणाचा नसेल. म्हणाली, "होता की. माझाच होता."
सोल्डरिंग आयर्न तापलं होतं, काम केलं.

१९ मार्च
मावशीची खुर्ची रिकामी. खिडकीजवळची, उजेडाची. तिची उशी राहिलीय. धाकट्याला होईल.

२६ मार्च
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. कॅमेऱ्यासमोर हळूहळू सोल्डर मारायला सांगितलं. स्क्रीनवर परक्या देशातल्या वीस मुली. तिथे मजुरी आमच्या निम्मी, असं साहेब फोनवर सांगत होते. मुलींना शिकवायला कुणीतरी जाणार, दुसरं कोण असणार? बॅग घ्यायला हवी. एका मुलीने एकोणीस सेकंदांत केला. शिकवणारा चांगला असला की असं होतं.

२ एप्रिल
धाकट्याने गॅरेज सोडलं. भावोजी म्हणाले, आता परत दारात उभं करणार नाही. धाकटा उद्याच्या गाडीने निघतोय. इथे सकाळपासून बाकांचे बोल्ट काढतायत. जमिनीला रंग द्यायचा असेल. साहेबांना विचारणार होतो, पण ते बोल्ट मोजत होते.

४ एप्रिल
धाकटा वळकटी घेऊन गेटवर आला. साहेबांना नेमका एक माणूस कमी पडत होता. लगेच घेतला त्याला, कागदसुद्धा मागितला नाही. एका टोकाला मी, दुसऱ्याला तो, असे अठरा बाक ट्रकमध्ये चढवले. शेवटचा माझा. चारला शेड मोकळी. साहेबांनी दोघांनाही आजचे पैसे हातावर ठेवले.
परतताना धाकट्याने विचारलं, "दादा, उद्या किती वाजता यायचं?"
म्हटलं, विचारून सांगतो.