पान एकतिसावर वारलेल्या बाईची शेवटची इच्छा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा कवळ्या बनवणे (हल्ली बंद), हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीवर राहून लिहवून घेते. मी हयात आहे. हे वाक्य मृत्युपत्रात कोणी घालत नाही, असे वकीलबाईंचे म्हणणे पडले. पण माझी गोष्ट वेगळी आहे. माझ्या मुलाच्या अधिकृत चरित्रात मी पान एकतिसावर वारले आहे. पुस्तक पुठ्ठाबांधणीचे, जाडजूड आणि देशोदेशी खपलेले असल्याने लोक त्याच्यावर विश्वास ठेवणार, माझ्यावर नाही.

माझा मुलगा म्हणजे प्रसिद्ध रॉक गायक 'वणवा'. घरात पिट्या.

कलम १. राहते घर, आतल्या सामानासह, माझ्या मुलीला, म्हणजे ताईला, द्यावे. ती पिट्याहून मोठी, बस चालवते आणि माझ्याजवळ राहते. पुस्तकात ती नाहीच. पिट्या एकुलता एक आहे. मेलेल्या आईपेक्षा न जन्मलेली बहीण बरी, निदान तिच्यावर औषधपाण्याचा खर्च तरी होत नाही.

पुस्तक तिनेच विकत आणले. पिट्याने पाठवले नव्हते. "आई, आधी खाली बस," ती म्हणाली, "मग एकतिसावं पान काढ."

त्या पानावर मी अंथरुणाला खिळलेली आहे. सात वर्षांचा पिट्या उशाशी. मी त्याच्या केसांतून बोटे फिरवते, "गात राहा, बाळा," म्हणते आणि डोळे मिटते. खरे सांगायचे तर मी त्याला जन्मभर "दार लाव आणि मग काय ते बडव" एवढेच सांगत आले. तरीही वाचताना मला रडू कोसळले. इतके सुबक मरण मला प्रत्यक्षात लाभेल, असे वाटत नाही.

माझे यजमान मात्र पुस्तकात ठणठणीत आहेत. त्यांनी स्वतःचे घड्याळ विकून पिट्याला गिटार घेऊन दिली. यजमानांकडे घड्याळ कधीच नव्हते, वेळ ते मला विचारत. गिटार माझ्या कवळ्यांवर आली.

कलम २. माझी हत्यारे, म्हणजे मेणाच्या सुऱ्या, कानशी, पॉलिशचे यंत्र, समोरच्या दातांच्या डॉक्टरांना द्यावी. ते घासाघीस करत, पण काम पाहून मान डोलावत. मान डोलावणारे गिऱ्हाईक दुर्मीळ.

पिट्याच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा मात्र चरित्रकारांना द्यावा. पिट्याच्या तोंडून जे जे निघाले ते त्यांनी निमूट लिहून घेतले. आता ते तोंडच टेबलावर ठेवावे. त्याच्या पुढच्या दातावर त्यांनी अख्खे प्रकरण लिहिले आहे. तो दात मोर्चात पोलिसांच्या काठीने पडला म्हणे. तो न्हाणीघरात पडला. साबणावर पाय घसरला आणि नळ आडवा आला. जगाला ज्या हास्याचे वेड आहे त्यातला पुढचा दात मी मागच्या खोलीत बसून घडवला आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तो छान आलाय. मेल्यावरही माझ्या कामात खोट नाही.

कलम ३. बँकेतली शिल्लक मुलगा आणि मुलगी यांना निम्मी निम्मी द्यावी.

मुलाला कशाला, असे ताई विचारते. तिला त्याची बाजू माहीत आहे, तरी इथे नोंदवते. पुस्तक वाचून झाल्यावर मी त्याच्या ऑफिसात फोन लावला.

"कोण बोलतंय?"

"त्याची आई."

"बाई, सरांच्या आई लहानपणीच गेल्या. त्यांच्या नावावर असले धंदे करताना लाज कशी वाटत नाही?" आणि फोन आपटला. मला त्या मुलीचे कौतुक वाटले. पुस्तक मन लावून वाचले होते तिने.

निरोप तरीही पोहोचला. पिट्या आला, नेहमीसारखा मागच्या जिन्याने, टोपी भुवयांपर्यंत ओढून. मी तोंडसुख घ्यायला सज्ज होते. तो म्हणाला, "आई, दात हलतोय." पाहिला तर खरेच हलत होता. त्याला खुर्चीत बसवले, गळ्याला नॅपकिन बांधला आणि दोन्ही हात त्याच्या तोंडात घातले. बोलायला याहून बरी संधी आईला मिळत नाही.

"मला कशाला मारलंस रे?"

"आं… आं…"

"बापाला जिवंत ठेवलंस, वर घड्याळ दिलंस. मी काय घोडं मारलं होतं तुझं?"

चूळ भरल्यावर त्याने सांगितले. त्याचे पहिले गाजलेले गाणे मेलेल्या आईवर होते. मुलाखत घेणारीचे डोळे भरून आले आणि तिने विचारले, "तुमचीच ना आई?"

"मान हलली, आई," पिट्या म्हणाला. "हो म्हणालो नाही मी. नुसती मान हलली. मग तिला परत सरळ करताच आली नाही."

तेव्हा मला उलगडा झाला. कार्यक्रमाचे एकही तिकीट मला का आले नाही, माझ्याकडे तो चोरासारखा का येतो. मी इतकी वर्षे समजत होते, आई लोकांचे खोटे दात करते याची त्याला लाज वाटते. तो समज खोटा ठरल्याने मला बरे वाटले, हे मी त्याला सांगितले नाही. इथे सांगते.

मग त्याने नॅपकिन न सोडता विचारले, "तू खरंच गेलीस की मी काय करू? कोणाची म्हणून येऊ मी?"

"पुस्तकात रडून झालंय ना तुझं?" मी म्हटले. "मग आता पुन्हा कशाला?"

तो हसला नाही. मीही पुढे हत्यारे पुसत बसले.

कलम ४. ताईने एका पेपरवाल्याचा नंबर जपून ठेवला आहे. तो तिने फाडून टाकावा. भावाचे वाभाडे काढायचे असतील तर घरात काढावेत, मी आयुष्यभर तेच केले.

कलम ५. हे कलम आज, सही करण्यापूर्वी, वाढवले आहे.

साक्षीला समोरचे डॉक्टर आले. दुसरे साक्षीदार, खालचे पेन्शनर, तापाने पडले. पिट्या दात पक्का करून घ्यायला आलेला होता. तो म्हणाला, "मी करतो सही."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तुमचा हिस्सा जाईल. शिवाय ह्या बाईंनी तुमच्यादेखत सही केली असं लिहून द्यावं लागेल. नातंही लिहावं लागेल. पुढे हे कोर्टात उघडलं जातं, कोणीही वाचू शकतं."

"वाचू दे."

"पिट्या," मी म्हटले, "पुस्तकाची दुसरी आवृत्ती यायचीय. नीट विचार कर."

"केला. तू आधी सही कर."

सबब कलम ३ मधला त्याचा हिस्सा रद्द, तो ताईकडे जावा. ताई म्हणाली, "मला नको त्याचं काही." चहा झाल्यावर म्हणाली, "बरं, राहू दे."

ठिकाण: राहत्या घरातली मागची खोली
वार: मंगळवार, सकाळी, पुरेशा उजेडात

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिला: बाईंनी माझ्यासमक्ष वाचून सही केली. धंदा: दातांचे डॉक्टर. नाते: शेजारी. (सही)

साक्षीदार दुसरा: बाईंनी माझ्यासमक्ष वाचून सही केली. त्या वेळी त्या चांगल्या धडधाकट होत्या आणि माझ्यावर ओरडत होत्या. धंदा: गाणे. नाते: मुलगा. (सही)