पाय न वाजवता

आये,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायला बसले. येत असतं तर पहिल्याच ओळीला म्हणाली असतीस, "काम नाय काय गो तुका?" तर नाही मला काम. चौथी शिकलेल्या बाईने एवढं लिहायचं म्हणजे बोटं आखडतात, पण घरात माझ्याशिवाय कोणी नाही, चाळ पाडायची म्हणून निम्म्या खोल्यांना टाळी लागलीत, आणि जे सांगायचंय ते तुझ्याशिवाय कोणाला कळायचं नाही. तुझ्या चालण्याबद्दल सांगायचंय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की मी आता तुझ्यापेक्षा म्हातारी आहे. तेव्हा मध्ये बोलू नकोस.

माझ्या लेकाची मुलगी तू पाहिली नाहीस. लेक-सून दोघंही नोकरीवाले, कल्याणला राहतात. पोरगी मात्र शाळा-कॉलेज संपेस्तोवर माझ्याजवळ, लालबागच्या याच खोलीत वाढली. आता जिथे बर्फ पडतं अशा देशात शिकायला गेलीय. जाताना गळ्यात पडून म्हणाली, आजी, मला रोज चाळ दाखव, गल्ली दाखव, नाहीतर मला करमायचं नाही. मी म्हटलं, त्यात काय. भाजीला जाताना फोन हातात धरायचा, जे समोर येईल त्याचा व्हिडिओ घ्यायचा आणि पाठवायचा. मसाल्याची दुकानं घेतली, मिरच्या वाळत घातलेल्या घेतल्या, बाजूच्या मांजरीची पिल्लं घेतली. थोड्या दिवसांनी तिचा फोन. "आजी, बघवत नाही गं. किती हलतं! बोटीत बसल्यासारखं मळमळतं मला." मी म्हटलं, "भूकंप नाही झाला बाई, तुझी आजी चालतेय." ती हसली, पण नंतरचे दोन-तीन तिने उघडलेच नाहीत. उघडले की नाही ते फोनवर कळतं, आये, बारीक निळ्या खुणा उमटतात. तुझ्या वेळी ही भानगड नव्हती ते बरं होतं.

मला धास्ती बसली, खोटं कशाला सांगू. लेकाचा फोन रविवारी येतो. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, मीटर वाचायला आलेल्या माणसासारखं विचारतो आणि ठेवतो. ही पोरगी मात्र खोदून खोदून विचारायची, त्या मिरच्या कुठल्या, तो माणूस कोण, वरच्या माळ्यावरची भांडणं मिटली का. तिचं बघणं थांबलं तर तिचा फोनही थांबणार, एवढं मला चौथीतल्या डोक्याने समजतं. मग तिनेच ते यंत्र पाठवलं. स्टॅबिलायझर म्हणाली. मला वाटलं फ्रिजच्या खाली असतो तो डबा, म्हटलं वीज कमी-जास्त होते म्हणून माझा फोन हलतो की काय. खोक्यातून निघाला एक दांडा. दांडा मुठीत धरायचा, वर वाकडी मान, मानेच्या टोकाला चिमटा, चिमट्यात फोन. मानेत बारक्या मोटारी आहेत. आपला हात कलला की त्या उलट्या फिरतात आणि फोन आपला सरळच. कोंबडीला दोन्ही हातांत धरून हलवली तरी तिचं डोकं जागचं हलत नाही, तसं.

पण यंत्र झालं तरी त्याला आधी तोल द्यावा लागतो. चिमट्यात फोन असा मधोमध बसवायचा की हात काढला तरी तो कुठे कलंडणार नाही, आणि मगच बटण दाबायचं. नाहीतर मोटारी कण्हतात, अंगावर काटा येईल अशा. सगळं जमवून मी गॅलरीत एक फेरी मारली आणि तिला पाठवली. ती म्हणाली, "आजी, डावं-उजवं आता मस्त आहे. पण वरखाली उड्या मारतेयस अजून. ते त्याला सांभाळता येत नाही, ते तुला सांभाळायचंय. गुडघे जरा वाकव. कोपरं बरगड्यांना चिकटव. टाच हळू टेकव आणि पाऊल लोळवत पुढे ने. वळायचं तर मनगटातून नको, कमरेतून वळ." ती तिकडे खुर्चीत बसून सांगत होती आणि मला इकडे तू दिसायला लागलीस.

तू मिलमध्ये वायंडिंगला होतीस. सूत एका बॉबिनवरून दुसऱ्यावर गुंडाळायचं ते खातं, सगळ्या बायकांचं. मशीनच्या लांबीभर पाळी संपेपर्यंत येरझाऱ्या. धागा तुटला की गाठ, पुढे चल, तुटला की गाठ. संध्याकाळी केसांत कापूस घेऊन अशी यायचीस, जशी सकाळी गेलेली बाई दिवसभरात म्हातारी झाली. पण जिन्यावर तुझा पाय कधी वाजला नाही. माझा वाजायचा. खालच्या मजल्यावरचा केरसुणीच्या दांड्याने छताला ठोकायचा, आणि तू चुलीजवळून न बघता म्हणायचीस, "चेडवा, जमनीन तुजां काय घोडां मारल्यान?" मी आणखी आपटायचे. मला वाटायचं, माणसाने आलो आहोत ते कळू द्यावं.

एका दसऱ्याला तू मला मिलमध्ये नेलंस. मशीनची पूजा असायची, पोराबाळांना आत सोडायचे. सगळी मशिनं पुसलेली, हार घातलेली, गप्प. इतकी मोठी जागा आणि इतकी गप्प, मला भीतीच वाटली. तू पेढा माझ्या हातात देतेस, चपला काढायला लावतेस. जमीन थंड, तेलकट, पायाला गुळगुळीत. "ह्यां माजां," म्हणतेस आणि बंद मशीनच्या कडेने चालून दाखवतेस. गुडघे जरासे वाकलेले, खांदे सरळ, मान सरळ, डोळे धाग्यांच्या उंचीवर. धागे नाहीत तरी हात नसलेल्या धाग्यांवरून फिरतो. पाय उचललेले दिसतच नाहीत. जशी तू चालत नाहीयेस, जमीनच तुझ्याखालून मागे सरकतेय. बाजूच्या मशीनवरची बाई मला म्हणते, "तुजी आवस डोक्यार कळशी घेऊन नाचात, थेंब सांडूचो नाय." तू खूश होतेस. कोणासमोर खूश झालेली मी तुला तेवढीच पाहिली.

मग संप आला. दसरा आला तरी संप होताच. बाबा भात कापायला गावी गेलेले. तू मात्र सकाळी आंघोळ करून, हार पदराखाली झाकून निघालीस. मी तेव्हा लग्नाची झालेले, तरी तुझ्या मागून आले, कारण तू दगडफेकीत सापडशील असं मला वाटलं. फाटकावर आपल्याच गावचा वॉचमन. "काकी, आत सोडूक जमाचां नाय. नोकरी जायत माजी." तू म्हणालीस, "मी कामाक खंय जातंय? हार घालतंय नि येतंय. मशीन काय संपार आसा?" तो म्हणाला, "माज्याकडे दी, मी घालतंय." तू म्हणालीस, "तुका माजां मशीन खंयचां ता म्हायत आसा?" आणि वळलीस. घरी येऊन हार स्टोव्हला घातलास. "आता ह्यांच आपलां खातां," म्हणालीस, आणि दुसऱ्या महिन्यापासून डबे करायला लागलीस. तुझं खातं पुन्हा कधी उघडलं नाही. डब्यांच्या त्या दीड हाताच्या जागेतही तू तशीच चालायचीस. आवाज न करता. वाया चाललेलं चालणं.

तर आये, या वयात मी ते शिकायला घेतलं. रिकाम्या गॅलरीत, दांडा दोन्ही हातांत धरून, सकाळी आणि उन्हं कलल्यावर. गुडघे ओरडतात. बाजूची कोळीण, चाळीत उरलेली तीच एक बोलकी, टोपली उचलता उचलता म्हणाली, "मावशे, ते काय निरांजन धरलंयस? की दबक्या पायांनी चोरी करायला निघालीस?" मी म्हटलं, "तुझ्या घरात चोरायला बोंबलाशिवाय आहे काय?" पण मोबाईलवर दिसत होतं. खोल्यांची दारं एकेक करून मागे सरकत होती, धक्का नाही, हिसका नाही. टाळी लागलेली दारंसुद्धा शांत वाटत होती. पोरीने परत निळ्या खुणा द्यायला सुरुवात केली.

यंदाच्या दसऱ्याला मी काय केलं ऐक. हत्यार आहे, पूजा नको? हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा हार त्या मानेत घातला. बटण दाबलं तर ते कण्हायला लागलं, थरथरलं आणि मान टाकून लोंबकळलं. मला वाटलं मेलं. कोळीण पोट धरून हसली. "मावशे, देवाला हार पेलला नाही." मग लक्षात आलं, तोल गेला. तेवढ्याशा फुलांनी. हार काढला, एकच फूल सुतळीने दांड्याला खाली बांधलं, मुठीच्या खालच्या अंगाला. तिथे बांधलं तर त्याला काही होत नाही.

आणि निघाले. आधी दादरला फुलबाजारात, झेंडूच्या राशींमधून, तुझी पावलं टाकत. माणसं अंगावर येत होती, मी कमरेतून वळत होते. मग टॅक्सी करून लोअर परळला, तुझ्या फाटकाशी. फाटक नाहीये तिथे आता. काच आहे, आत गारवा आहे, दारात झेंडूचं तोरण मात्र आहे. सिक्युरिटीवाला धावत आला. "माताजी, शूटिंग मना है." मी म्हटलं, "मैं क्या तेरा बिल्डिंग उठाके लेके जाती क्या?" बिचारा गोंधळला, म्हणाला जल्दी करो. त्या काचेच्या कडेने मी तू दाखवलं होतंस तसं चालले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काचेत मी दिसत होते आणि माझं डोकं वरखाली होत नव्हतं. मग परत चाळीत येऊन, आपल्या दारात उभं राहून, फोन स्वतःकडे वळवून मी बोलले. मला तोंडावर मागता येत नाही, तुला माहीत आहे. फोनला सांगणं सोपं गेलं. म्हटलं, "दिवाळीनंतर ही खोली खाली करायचीय. तुझा बाप म्हणतो कल्याणला ये. त्याआधी एकदा येऊन जा. तू वाढलीस तिथे एकदा माझ्याबरोबर जेव. येशील का ते सांग." एवढं बोलून पाठवलं.

रात्री तिचा फोन आला. मी पदराला हात पुसून घेतला फोन. "आजी, कसलं भारी झालंय! एकदम स्मूद! माझ्या मैत्रिणींना दाखवलं, त्यांना खरंच वाटेना माझ्या आजीने केलंय." मी विचारलं, "पूर्ण बघितलंस?" "हो ना!" "शेवट कसा वाटला?" "मस्त गं. ती फुलं, केवढी फुलं!"

फुलं सुरुवातीला होती.

 ती परीक्षेचं सांगत राहिली, थंडीचं सांगत राहिली. मी म्हटलं स्वेटर घाल. तिचा राग नाही आला, आये. तिला अभ्यास आहे, तिथे पहाट असते तेव्हा इथे मी कांदा चिरते. आणि परत विचारायला जीभ वळली नाही, मी तुझीच मुलगी. एवढं गुळगुळीत करून पाठवलं की बघणारं माणूस वरून घसरून गेलं, असं मनात आलं आणि मी दिवा मालवला. दुसऱ्या दिवशी परत गॅलरीत फेरी मारली. पाठवली. पायांना सवय लागली आता, आपटता येत नाही. परवा कोळीण दचकली, म्हणाली, "मागून कधी आलीस? वाजत जा की जरा."

हा कागद मी टपालात घालणार नाही आणि जपूनही ठेवणार नाही. खोली आवरताना काचेचे पेले गुंडाळायला कागद लागणारच आहेत.

एक मात्र तुला सांगते, दुसऱ्या कोणाला नाही. त्या यंत्रात आणखी एक सोय आहे, बोट चुकून लागलं तेव्हा सापडली. ओट्यावर उभं करून ठेवलं की ते माणसाचा चेहरा धरतं, आणि माणूस जिकडे जाईल तिकडे मान वळवतं. मी फडताळाकडे गेले, ते फडताळाकडे बघायला लागलं. मोरीकडे गेले, मोरीकडे. मी म्हटलं, "काय बघतोस मेल्या?" काल बंद करायला हात गेला होता. मग म्हटलं असू दे, भात होईपर्यंत.