पिवळ्या लांबीवरचा चौथा बोया

कोलशेत,
मंगळवार, ३ फेब्रुवारी

चि. सौ. ऋतिका हिस,
अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या आईने सान्वीसाठी तांदळाच्या पापड्या दिल्यात, त्यांच्यासोबत विनीतरावांच्या हाती हे पत्रही देतोय. फोनवर तू ‘हां बाबा, बघू बाबा’ म्हणतेस आणि सान्वी उठली म्हणून ठेवून देतेस. पत्र असं मधेच ठेवता येत नाही. म्हणजे येतं, पण मला कळत नाही.

तू म्हणालीस की बाळंतपणानंतर अंगात जोर राहिलेला नाही, यंदाच्या वॉटर-स्कीच्या निवड चाचणीतून माझं नाव काढा. मी काढलेलं नाही. क्लबातली स्वप्ना दोनदा विचारून गेली. “काका, ठाकुर्लीची राणी येणार की नाही ते एकदा सांगा, बोटीच्या वेळा लावायच्यात.” मी म्हटलं, येणार.

जोराचं मला पटत नाही. पिवळ्या लांबीवर, म्हणजे सव्वाचौदा मीटरच्या दोरीवर, तू लग्नाआधी सहाच्या सहा तरंगत्या बोयांना वळसे घालायचीस. आता तीन घेतेस, चौथ्याला उशीर होतो आणि पाण्यात जातेस. बोटीचा वेग तोच, पंचावन्न. बोयांच्या रांगेत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा वेळ माझ्या घड्याळात दर फेरीला बरोबर येतोय. बोट मी स्वतः चालवतो, तेव्हा तिचा प्रश्नच नाही. राहिली दोरी.

क्लबने मागवलेली नवी दोरी मी खाणीच्या तळ्याकाठी उंबराला टांगली. तुझे आजोबा नवा दोर असाच टांगायचे, खाली दगड बांधून, वरून खाडीचं पाणी मारून. दोराची ओढ मेली की मगच तो होडीला लावायचे. मी पण मोठा दगड बांधला. दोन दिवसांनी उतरवली, मापली, वाढलेली तेवढी कापली. टोकाला नवा फास घालायचा होता तो स्वप्नाकडून घालून घेतला, माझा चष्मा घरी राहिलेला.

रविवारी ये. दोरी आता शिस्तीत आहे. सान्वीला आई सांभाळेल.

तुझा
नाखवा


कोलशेत,
सोमवार, ९ फेब्रुवारी

चि. सौ. ऋतिका हिस,
अनेक आशीर्वाद. पापड्या पोचल्याचं विनीतरावांनी सांगितलं. तू रविवारी आली नाहीस. विनीतराव म्हणाले, तिने स्की माळ्यावर टाकली. सांभाळून टाकलीस ना, खालच्या फिनच्या पात्याला मार लागत नाही ना, एवढं बघ.

दोरीबद्दल मला माझा शब्द मागे घ्यावा लागतोय. तुझ्याऐवजी स्वप्ना गेली त्या दोरीवर. तिसऱ्या बोयावरून परत आली, खांदा धरून. “काका, ही दोरी आहे की सळई?” मी म्हटलं, तुझी कोपरं वाकली असतील. ती म्हणाली, “माझी कोपरं नका काढू, तुमचा दगड काढा.”

रात्रभर विचार केला. होडी बांधायचा दोर ताणला जाऊ नये, हे खरं. पण ही दोरी बांधायची नाही, माणूस ओढायची आहे. तू बोटीमागून आडवी जाताना सगळं अंग दोरीवर टाकतेस, तेव्हा दोरीने जरा ताणायला हवं, आणि तू बोयाकडे निघालीस की तेवढंच परत द्यायला हवं. फार ताणणारी असेल तर ते उशिरा परत देते. मारलेली असेल तर काहीच देत नाही, सगळा हिसका खांद्यात. मी तिची ओढ मारून ठेवली होती. तुझ्या आजोबांची रीत चुकीची नव्हती, मी ती चुकीच्या दोरीला लावली. हे मला कोणी शिकवलेलं नाही, तसं बोटीवरचं एक यंत्रही मला कोणी शिकवलेलं नाही, त्याबद्दल पुढे सांगतो.

दुसरी दोरी पाकिटातून काढली, न टांगता बांधली. स्वप्ना परत गेली. पहिले तीन बोये छान. चौथ्याला उशीर. आणि ऐक, स्वप्ना पिवळ्या लांबीवर चौथा कधी सोडत नाही.

बोटीवर आल्यावर तिने डॅशबोर्डवरचा माझा नॅपकीन उचलला. त्याखाली क्लबने बसवलेलं वेगाचं यंत्र आहे. उपग्रहावरून वेग बघतं आणि स्वतःच इंजिनाचा जोर, म्हणजे थ्रॉटल, कमीजास्त करतं. बसवल्यापासून मी त्याच्यावर नॅपकीन टाकलाय. ऊन लागतं म्हणून.

“एकदा याला चालवू द्या की काका. ह्याला चहा लागत नाही, आणि रागही येत नाही.”

चालवू दिलं. मी फक्त स्टिअरिंग धरलं. स्वप्ना सहाही बोये घेऊन गेली.

एका फेरीवरून काही ठरत नाही. वारा पडलेला असेल. बघतो.

तुझा
नाखवा


कोलशेत,
गुरुवार, १२ फेब्रुवारी

ऋतू,
आज आशीर्वाद शेवटी लिहितो.

काल आणि परवा खाणीवर स्वप्नाच्या मागे लागून फेऱ्या मारल्या. एक माझ्या हातावर, एक यंत्रावर, परत माझ्या हातावर. दोरी तीच, पाणी तेच. पोरगी दमली, मीही दमलो. माझ्या हातावर असतानाही यंत्र वेगाची नोंद ठेवतं, त्याच्या रेषा पडद्यावर दिसतात. ते मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर आणखी जाड नॅपकीन टाकला असता.

यंत्राची रेष जवळजवळ सपाट. माझी रेष म्हणजे खड्डा आणि टेंगूळ, खड्डा आणि टेंगूळ. स्की करणारी जोर लावते तेव्हा बोट मागे खेचली जाते, वेग पडतो. त्याच क्षणी थ्रॉटल द्यायला हवा. मी देतोय, पण उशिरा. ती बोयाकडे वळत असते, दोरी सैल राहायला हवी, आणि नेमकी तेव्हा माझी बोट पुढे उसळते. दर बोयाला ती जराशी मागे पडते. चौथ्याला ते सगळं एकदम अंगावर येतं. आणि खड्डा नि टेंगूळ मिळून एकूण वेळ मात्र बरोबर भरतो. मी ते घड्याळ छातीला लावून बसलेलो.

स्वप्नाने विचारलं, “काका, तुम्हाला ओढ कळते ना हाताला?”

मी तिला ओरडलो. मग घरी आलो. तुझ्या आईने शर्टाची बटणं काढून दिली. दिवाळीपासून तीच काढते, तीच लावते, हे तुला ती बोलली नसेल. जेवताना गरम तव्याला माझी बोटं टेकली, वास आला तेव्हा कळलं. ती म्हणाली, “दोरीला नावं ठेवून झाली, बोटीला झाली, आता तो हात पण डॉक्टरला दाखवा.” दाखवला. साखरेने बोटांच्या नसा बोथट झाल्यात. गेलेलं परत येईलच असं नाही, म्हणाला. मी विचारलं, थ्रॉटल? त्याला थ्रॉटल म्हणजे काय ते सांगत बसलो, दाराबाहेर रांग लागलेली.

तर ऋतू, तुझ्यात जोर आहे. सान्वी झाल्यावर गेला तो तुझा जोर नाही. तू माझ्या खड्ड्यातून तीन बोये काढत होतीस, सपाट पाण्यावर किती काढशील ते मला बघायचंय. तू यायचं नाही म्हणालीस तर मी काही म्हणणार नाही, पण कारण अंगावर घेऊन थांबू नकोस. ते कारण तुझं नाही.

रविवारी बोट स्वप्ना चालवेल, वेग यंत्र धरेल. त्याने मऊ ओढायचं की कडक, त्याची बटणं आहेत. कुठलं हवं ते स्की करणाऱ्याने ठरवायचं असतं, म्हणून मी स्वप्नाला हात लावू दिलेला नाही. नॅपकीन घरी आणलाय.

मी स्वप्नाच्या शेजारी उलटा बसेन, मागे तोंड करून, बोये मोजायला. इतकी वर्षं तुला ओढलं, पण चालवणाऱ्याने पुढे बघायचं असतं. तुला स्की करताना मी फक्त त्या छोट्या आरशात पाहिलंय, तेही तुकड्या-तुकड्याने. समोरून कधीच नाही.

स्की माळ्यावरून काढ. फिन मी बसवून दिला असता, पण तो स्क्रू आता विनीतरावांना आवळायला सांग.

अनेक आशीर्वाद.

तुझा
बाबा