रिकामी नव्हती ती डोली

महाड,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुहास,

घरी सगळे बरे आहेत. आईचा खोकला उतरलाय. कोर्टात माझ्या दोन तारखा होत्या, दोन्ही पुढे गेल्या. काकांना नमस्कार सांग, त्यांनी पोपटीसाठी पाठवलेल्या वालाच्या शेंगा छान निघाल्या.

रविवारच्या आपल्या डोलीच्या पदयात्रेचं गावात कौतुक चाललंय. बिरवाडीत खोल्या घेऊन राहणारी पोरं कारखान्यातली रात्रपाळी संपवून थेट चवदार तळ्यावर आली, न झोपता खांदा देऊन गेली, हे लोक पुन्हा पुन्हा सांगतात. रुग्णवाहिकेसाठी देणगी द्यायला अजून लोक विचारतायत. पेपरात फोटो आला. मधोमध तू आहेस.

काल फोनवर तू मध्येच हसलास, म्हणून हे पत्र. कागदावर मला मध्येच तोडता येणार नाही.

कुडपणच्या वरच्या वाडीत चिमाबाईंकडे आपण दोघं गेलो होतो, आठवतं? त्यांची सून वैशाली बाळंतपणात अडली, डोलीतून खाली आणताना वाटेतच गेली. आपल्या डोलीत ठेवायला तिची गोधडी चिमाबाईंनी आपल्या हातात दिली. मी शब्द दिला: "आजी, वाडीची माणसं वाहतात तशीच ही डोली आम्ही वाहू. महाडपासून तुमच्या दारापर्यंत. खांदा बदलेल, पण ती जमिनीला टेकणार नाही, गाडीत चढणार नाही." तू शेजारी उभा राहून मान डोलावलीस.

पोलादपूरपर्यंतचा टप्पा माझा आणि बिरवाडीच्या पोरांचा होता. एस.टी. स्टँडसमोर तुझ्या खांद्यावर दांडा दिला, तेव्हा माझा खांदा सोलला होता आणि मी खुशीत होते. सभेची तयारी बघायला मी जीपने पुढे गेले. घाटाचा टप्पा तुझा, किरणचा आणि माधुरीचा.

मग तुम्ही वाजतगाजत आलात. देणगीदार पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. मी माइक हातात घेतला आणि काय बोलले, ते तुला पाठ असेल. "तळ्यापासून या माळापर्यंत ही डोली एकदाही चाकावर चढलेली नाही! ज्यांनी या माणसांना रस्ता दिला नाही, त्यांनी एकदा हा दांडा खांद्यावर घेऊन बघावा!" पहिली टाळी तुझी होती. वाडीतली माणसं मात्र गप्प बसली होती. मला वाटलं, गहिवरली आहेत.

सभेनंतर चिमाबाईंनी चहा दिला. पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "बोललीस झ्याक गो बाय. पन डोली तर टेंपोतना आली ना? खालच्या वळनावर आमच्या वाडीच्या भैरूनंच उतरून घेतली."

मी म्हटलं, "आजी, मग मला तिथेच अडवायचं होतं!"

"कशाला? पावन्यांम्होरं तुझी मान खाली जायाची. आमाला काय, लोकं येतात, बोलतात नि जातात. सवय हाय."

सुहास, ही बाई मला सांभाळून घेत होती. तिची सून गेली, सुनेची गोधडी टेंपोत पडली, आणि लाज ती माझी झाकत होती.

मी किरणला विचारलं. तो म्हणाला, "पाहुण्यांना उशीर होत होता, सुहासनेच टेंपो थांबवला. आणि आम्रपाली बोलायला लागली की डोली खांद्यावरून आली काय नि टेंपोतून आली काय, लोकांना सारखंच!" माधुरी खाली बघत राहिली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

काल तुला विचारलं तर हसून म्हणालास, "अगं, रिकामी तर होती डोली."

थकला असतास तर मी समजून घेतलं असतं. पाहुणे निघून गेले असते तरी चाललं असतं, वाडीसमोर बोलले असते. कॉलेजपासून तू मुद्दे काढतोस, मी बोलते. तू दिलेला मुद्दा मी कधी तपासून घेतला नाही. माझ्याजवळ पैसा नाही, पद नाही. आहे तो फक्त शब्द, आणि ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांच्यासाठी मी तो वापरते. त्याच माणसांसमोर तू माझ्या तोंडून खोटं वदवलंस. टेंपोचं एकवेळ सोडून देईन. मंचाच्या पायरीशी तू माझ्यापासून हातभर अंतरावर होतास. एक शब्द पुरला असता. तू मला बोलू दिलंस, वर टाळी वाजवलीस.

देणगीदारांना मी खरं कळवलंय. दोघांनी हात आखडता घेतला. घेऊ देत. येत्या रविवारी पोलादपूरच्या स्टँडपासून मी पुन्हा डोली उचलणार आहे. पुढचा दांडा भैरूभाऊंचा, मागचा माझा. वाडीत पोचले की सगळ्यांसमोर माझं भाषण मी मागे घेणार आहे. तुझं नाव घेणार नाही.

हे वाचून फोन करू नकोस. समजावायला माधुरीला पाठवू नकोस. तुला काही सांगायचंच असेल, तर घाट चढून ये आणि चिमाबाईंना सांग.

तुझ्या मुद्द्यांवर आजवर डोळे मिटून बोलत आलेली,
आम्रपाली