कोर्लईच्या दोन मेणबत्त्या

आई, काल नातवाला कोर्लईचा किल्ला दाखवून आणला आणि आज सकाळपासून मनातल्या मनात तुझ्याशीच बोलतेय. तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या किल्ल्यावरची एक गोष्ट तुला सांगायची राहूनच गेली, म्हणून हे पत्र. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील, मी नऊ वर्षांची. आदल्या वर्षीच्या तापाने माझा डावा पाय लुळा पडला होता. रोज सकाळी तू तो खोबरेल तेलाने चोळायचीस आणि रेवदंड्याच्या ओल्या वाळूत मला चालवायचीस. मी भोकाड पसरलं की म्हणायचीस, "रडायचं तर चालता चालता रड." तेव्हा तुझा काय राग यायचा मला! बाजारात भाजी विकायला येणारी कोर्लईची ख्रिस्ती बाई तुझी मैत्रीण. तिच्या गावच्या चर्चमधल्या माउलीबद्दल तिनेच तुला सांगितलं आणि तू नवस बोललीस, की पोर आपल्या पायांनी किल्ल्याच्या टोकापर्यंत चढली तर तिच्या हातून माउलीपुढे मेणबत्ती लावीन. बाबांनी चिडवलं, "आपले देव काय संपावर गेलेत?" तू म्हणालीस, "आई ती आई. तिला काय जात इचारायची हाय?"

मार्गशीर्षातली ती सकाळ. आपण होडीतून खाडी ओलांडतोय, तुझ्या मांडीवर फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. पलीकडे भाजीवालीची मुलगी आपली वाट बघत उभी आहे, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, फुलाफुलांच्या फ्रॉकमध्ये. स्वतःच्या आईशी ती त्यांच्या घरच्या वेगळ्याच बोलीत बोलते, आपल्याशी मराठीत. किल्ल्याच्या पहिल्या दरवाजाशीच तुला धाप लागली. "मी हितंच बसते. तू हिच्याबरोबर जा. पन हात धरू नको गो कुनाचा, नवस हाय." नवस फिटला नाही तर पाय जन्मभर तसाच राहणार अशी तुझी खात्री होती, आणि तुझी होती म्हणून माझीही.

बरीच चढले गं मी. झिजलेल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, सगळं कुणाचा हात न धरता. शेवटच्या दरवाजापलीकडे मात्र पायऱ्या संपल्या आणि कमरेएवढं वाळलेलं गवत सुरू झालं. तिथे पायाने साफ दगा दिला. मी दरवाजाच्या उंबऱ्यावरच बसून रडायला लागले. ती मुलगी म्हणाली, "आता थोडंच ऱ्हायलंय." मी म्हटलं, "नाही जमत." तिने खाली वळून पाहिलं, तू दिसत नव्हतीस. मग माझ्याकडे पाठ करून वाकली. "बस पाठीवर. मी न्हाय सांगनार." आणि आई, मी बसले. टोकाला छप्पर नसलेलं पडकं चर्च होतं, एका बाजूला समुद्र, दुसरीकडे खाडी आणि पलीकडे आपल्या रेवदंड्याच्या नारळी. मला इतका आनंद झाला की नवस-बिवस सगळं विसरले. परतताना त्या दरवाजापर्यंत तिनेच पाठीवर आणलं, पुढे मी ऐटीत चालत उतरले. "टोकाला गेलीस?" "गेले." "चालत?" "चालत." तू मला पोटाशी धरलंस आणि चारचौघांत रडलीस.

गावातल्या चर्चच्या पायरीवर तू आम्हा दोघींना बसवलंस. त्या मुलीचा फ्रॉक कुसळांनी भरला होता, तो मांडीवर ओढून तू एकेक कुसळ वेचत राहिलीस. माझ्या परकरावरून नुसता हात फिरवलास. मग आत दोन मेणबत्त्या घेतल्यास. एक माझ्या हातात दिलीस, दुसरी तिच्या. "ही तुझी गो बाय," तिला म्हणालीस. मला वाटलं, सोबत आली म्हणून दिलीस. होडीत तू गुणगुणत होतीस.

पाय पुढे बराच सुधारला. थोडा ओढते अजून, पण त्याच पायावर संसार केला, मजेत केला. आता खाडीवर पूल आहे. काल नातू वर गेला आणि मी पहिल्या दरवाजाशी बसून राहिले, तू बसली होतीस तशीच. तो उतरला तेव्हा त्याचे मोजे कुसळांनी भरलेले. ती वेचता वेचता माझा हात थांबला. माझ्या परकराला त्या दिवशी एकही कुसळ नव्हतं. तुला कळलं होतं, आई. तरी तू माझी मेणबत्ती माझ्याच हातून लावून घेतलीस आणि मरेपर्यंत एका शब्दाने बोलली नाहीस.

हे पत्र कपाटातच राहील. आणखी एक सांगायचंय. जाताना पुलावर मी नातवाला फुशारकीने सांगितलं होतं, की नऊ वर्षांची असताना हा अख्खा किल्ला मी स्वतः चालत चढले. "खरंच, आजी?" "मग!" त्याची कुसळं वेचून संपली, आम्ही घरी आलो, तरी ते मी अजून दुरुस्त केलेलं नाही.